डुकरांची ढेप आणि रंगाऱ्याची लेक

तिसरं डुक्कर मेलं तेव्हा विजयमालानं दोन वेळचं जेवण टाकलं. तिची सासू देवकाबाई कपाळावर हात मारून म्हणाली, "माणूस गेलं त दहा दिवस सुतक असते माय. डुकराचं किती असते थे तरी सांग मले, म्हणजे मी तसा स्वयंपाक ठेवतो!"

विजयमाला हसली नाही, कारण ती डुकरं तिच्या सांगण्यावरून मेली होती. हे घरात तिला आणि तिच्या नवऱ्याला, दोघांनाच ठाऊक होतं.

साल होतं छप्पन्न. तिचा नवरा दत्तात्रय सौसरच्या ढोरांच्या दवाखान्यात होता. गाव त्याला डॉक्टर म्हणायचं, पण तो खरा कंपाउंडर. चैत्रात नागपूरच्या मोठ्या हापिसातून छोट्या लाइनच्या गाडीनं आठ पांढरी विलायती पिल्लं आली. गुलाबी कानांची, अंग घासून काढल्यासारखं. ती बघायला अर्धं सौसर स्टेशनवर लोटलं होतं. योजना अशी होती की नाल्यापलीकडच्या वस्तीत डुकरं पाळणाऱ्या अंबाबाईनं ही पिल्लं वाढवायची, आणि वर्षभरात नीट वाढली तर ती तिचीच. अंबाबाईला नवरा नव्हता, मूलबाळ नव्हतं. तिच्या काळ्या गावरान डुकरांवर गेल्या साली रोग येऊन गोठा रिकामा झाला होता. एकेक पिल्लू ती पाटीतून छातीशी धरून उतरवत होती.

पण पिल्लं वाढेनात. कोंडा आणि उष्टं खाऊन त्यांची पोटं तेवढी गोल झाली, पाठीचे मणके मोजून घ्यावेत. दत्तात्रय रात्रंदिवस त्याच घोरात. एकदा जेवता जेवता त्यानं सहज विषय काढला आणि विजयमाला म्हणून गेली, "सरकीची ढेप द्या ना. आमच्या लोधीखेड्याला बाबांचा बैल म्हातारा झाला होता. दोन महिने ढेप दिली त असा चमकला, जसं कोणी तेल लावून ठेवलं."

कपाशीच्या मुलखातलं माणूस याहून वेगळं काय सांगणार? इथं गाय अटली तरी ढेप, बैल थकला तरी ढेप. पांढुर्ण्याच्या तेलाच्या घाण्यावर तेल काढून उरलेल्या ढेपेच्या, म्हणजे पेंडेच्या, राशीच्या राशी पडलेल्या. दत्तात्रयलाही ते पटलं. महिनाभर डुकरं फुगल्यासारखी वाढली, अंबाबाईनं विजयमालाच्या डोक्यावरून हात ओवाळून बोटं मोडली. आणि आषाढ सरता सरता एक डुक्कर धापा टाकू लागलं. उभ्या उभ्या भात्यासारख्या कुशी हलायच्या. चौथ्या दिवशी ते गेलं. मग दुसरं, मग तिसरं.

नागपूरचे साहेब स्वतः आले. त्यांनी तिसरं डुक्कर उघडून पाहिलं. छातीत पाणी भरलेलं, काळीज ओल्या फडक्यासारखं लोळागोळा. "रोग नाही हा," ते हात धूत म्हणाले. "खाण्यातून विष गेलंय. ढेप बंद करा. सरकीत एक पिवळं द्रव्य असतं. बैल चार पोटांचा प्राणी, तो पचवतो. डुकराला नाही पचत."

"मग द्यायचं काय साहेब?" दत्तात्रयनं विचारलं. "शेंगदाण्याची ढेप आम्हाले मिळत नाही. नुसत्या कोंड्यावर थे वाढून नाही राहिले."

साहेब चांगले होते, पण घाईत होते. "एक नोव्हेंबरला नागपूर मुंबई राज्यात जातंय, तुम्ही मध्यप्रदेशात राहताय. त्याआधी मला प्रत्येक योजनेचा निकाल लावायचाय. ऑक्टोबरच्या शेवटी येतो. उरलेली पाच डुकरं वाढलेली दिसली तर बाईंच्या नावावर करून देतो. नाही दिसली तर विकून टाकू आणि कागद बंद करू. उगाच भोपाळवाल्यांच्या गळ्यात मरतुकडी डुकरं कशाला?"

अंबाबाई कुडाच्या भिंतीला टेकून ऐकत होती. साहेब गेल्यावर ती विजयमालाला म्हणाली, "जाऊ दे बाई. तू काही मुद्दाम नाही केलं." या एका वाक्यापायीच विजयमालानं ते दोन वेळचं जेवण टाकलं होतं.

सासूच्या सुतकाच्या टोमण्यानंतर दुसऱ्या दिवशी ती उठली, पदर खोचला आणि सरळ नाल्यापलीकडे निघाली. दवाखानेवाल्याची बायको त्या वस्तीत पायी जाते, हे पाहून वाटेवरच्या दोन म्हाताऱ्यांनी सुपं खाली ठेवली.

अंबाबाई झोपडीपुढे चुलीवर काहीतरी ढवळत होती. शेजारी पाचांपैकी एक मादी पसरलेली. गाडीतून येताना तिचा पाय मुरगळला होता, म्हणून तिचं नाव लंगडी. आणि लंगडी कशी होती? टुणटुणीत. कान ताठ, अंगावर तकाकी.

"हिले काय देतेस गं?" विजयमालानं विचारलं.

अंबाबाई चपापली. "खोटं नाही बोलत बाई. हिले ढेपच देऊन राहिलो."

"अजून?"

"पहिल्यापासून. बाकीचे हिले कुंडीजवळ येऊ देत नव्हते, म्हणून मी हिले घरी आणलं. साहेबानं बंद करा म्हटलं, पण हिले दुसरं काही रुचतच नाही. आजाऱ्या लेकराले कच्चं कसं द्यावं म्हणून शिजवून देतो."

विजयमालानं वाकून कढईत पाहिलं. आतला लगदा काळा कुळकुळीत होता. सरकीची ढेप शिजवली तर पिवळट-तपकिरी दिसते, काळी नाही. आणि कढई ओळखीची होती. लोधीखेड्याच्या तिच्या बाबांची, रंगाऱ्याची कढई ती. बूड पातळ झालं म्हणून बाबांनी लेकीला दिली होती. देवकाबाईनं "रंगाचं भांडं माझ्या चुलीवर चढणार नाही" म्हणून ती बाहेर ठेवायला लावली, आणि शेवटी ती अंबाबाईकडे आली. वीस वर्षं त्या कढईत काळा रंग उकळला होता. बुडाशी बोटभर जाड कीट होतं.

"हे कीट निघून राहिलं का गं?"

"रोज थोडं थोडं सुटते. मी म्हटलं लोखंडच आहे, जाऊ दे पोटात."

विजयमाला तिथंच मातीत बसली. काळ्या रंगात काय असतं, हे तिला झोपेतही सांगता आलं असतं. हिरडा आणि हिराकस. हिराकस म्हणजे लोखंडाचाच हिरवा खार. बाबा म्हणायचे, रंग कपड्यावर चढवणं सोपं, तो बांधणं अवघड. न बांधलेला रंग पहिल्या पाण्यात सुटतो. हिराकसानं बांधला की फडकं फाटेल, पण रंग सुटणार नाही.

आणि साहेब काय म्हणाले होते? सरकीत पिवळं द्रव्य असतं.

"अंबाबाई," ती म्हणाली आणि तिचा आवाज तिलाच अनोळखी वाटला, "थे विष नाही, थो रंग आहे! पोटात जाऊन सुटते म्हणून मारते. आपण त्याले आधीच बांधून टाकला त?"

"मले काही समजलं नाही बाई. पण तू आधी पाणी पी."

ती पाणी न पिताच घरी पळाली. पळालीच. सौसरच्या बाजारातून सून पळताना लोकांनी पाहिली, आणि देवकाबाईच्या कानावर ती बातमी सून घरी पोहोचायच्या आधी पोहोचली.

दुपारभर परसात तिचा कारखाना चालला. जुन्या धोतराची तीन फडकी तिनं पापडखाराच्या पाण्यात भिजवली, कारण त्यात पिवळा रंग चटकन उतरतो. पहिल्यात कच्ची ढेप बांधली. दुसऱ्यात नुसती शिजवलेली. तिसऱ्यात, कढईबरोबर माहेरहून आलेला हिराकस टाकून शिजवलेली. तासाभरानं तिन्ही सोडून, झटकून, धुऊन दोरीवर टाकली. पहिलं फडकं हळदीच्या कार्यातल्यासारखं पिवळं. दुसरं फिकट, पण पिवळंच. तिसऱ्यावर राखेसारखी मळकट झाक होती. पिवळं म्हणून नावाला नव्हतं.

दत्तात्रय दवाखान्यातून आला तो बायकोला दोरीपुढे नाचताना बघून दारातच थांबला.

"काय झालं?"

"बघा! बघा ना! हे सुटलं, हे थोडं सुटलं, आणि हे सुटलंच नाही!"

"काय सुटलं नाही?"

तिनं सगळं एका श्वासात सांगितलं. तो ऐकता ऐकता सायकल भिंतीला लावायचा विसरला आणि ती धाडकन पडली. "थांब," तो म्हणाला. "हिराकस पोटात द्यायचा? त्यानंच मेलं त?" मग स्वतःच कपाळावर हात मारला. "अरे! थो त आमच्या कपाटात आहे. रक्त कमी झालं की ढोराले पुडी देतो आपण. बाटलीवर नाव वेगळं, एवढंच."

"मग?"

"मग काय! थोडा द्यायले काही हरकत नाही. पण थोडा म्हणजे किती?"

हे तिला माहीत होतं. म्हणजे शोधायचं कसं, हे माहीत होतं. बाबा रंगाचा अंदाज असाच घ्यायचे. तिनं पसाभर ढेपेला एक चिमूट हिराकस टाकून शिजवली आणि फडक्यात बांधली. पिवळं उतरलं. दोन चिमटी, तीन चिमटी. चौथ्या चिमटीला फडक्यावर पिवळं उतरलंच नाही. पाचवी टाकून पाहिली, तर काही फरक नाही. "चार," ती म्हणाली. दत्तात्रयनं दवाखान्यातला औषधाचा तराजू आणला, बायकोच्या चिमटी एकेक करून कागदावर घेतल्या आणि तोलल्या. चारी जवळजवळ सारख्या भरल्या. तो तराजूकडे पाहायचा आणि तिच्या बोटांकडे पाहायचा.

"असं काय पाहून राहिले?" ती लाजली.

"कंपाउंडर मी आहे का तू, थे पाहून राहिलो."

आतून देवकाबाईचा आवाज आला, "डुकराचं वरण झालं असेल त माणसाचं टाका आता चुलीवर!"

दुसऱ्या दिवसापासून काम सुरू झालं. लंगडीचं चालू होतं तसंच ठेवलं. दोन डुकरांना हिराकसाची शिजवलेली ढेप आणि कोंडा. उरलेल्या दोघांना नुसता कोंडा आणि उष्टं, म्हणजे साहेबांना फरक दिसेल. नव्या कढया आणायला कुणाकडे काही नव्हतं. अंबाबाईनं एक डबा कापून भांडं केलं. विजयमाला रोज सकाळी चिमटी टाकायला जायची. गावात तिला डुकरांची सुगरण म्हणू लागले. देवकाबाई बाहेर चारचौघीत म्हणायची, "आमच्या सुनेच्या हातची ढेप खाऊन पाहा एकदा," आणि घरात सुनेशी तीन दिवस बोलायची नाही. पण तिसऱ्या दिवशी न राहवून विचारायची, "कशी आहेत तुझी थे लेकरं?"

पहिली डुकरं ढेप सुरू केल्यावर पाचव्या-सहाव्या आठवड्यात धापा टाकू लागली होती. म्हणून पाचवा आठवडा लागला तशी विजयमालाची झोप उडाली. एके सकाळी ती पोहोचली तर अंबाबाई दारात उभी. तोंड उतरलेलं.

"ढेपेवरच्या दोघांतला मोठा खोकून राहिला, बाई."

विजयमाला तशीच गोठ्यात शिरली. ती त्या डुकराजवळ उकिडवी बसली आणि त्याच्या कुशीवर हात ठेवला. तिनं आयुष्यात पहिल्यांदा डुकराला हात लावला. श्वास मोजू लागली. आत, बाहेर. आत, बाहेर. भाता नव्हता. संथ होता. डुक्कर पुन्हा खोकलं, मान झटकली आणि त्याच्या नाकातून कोंड्याचं एक मोठं बुचकं बाहेर आलं.

अंबाबाई आधी हसली. मग विजयमाला. दोघी एकमेकींच्या खांद्याला धरून इतक्या हसल्या की डुक्कर घाबरून पळालं.

सहावा गेला. सातवा गेला. दसऱ्यापर्यंत ती दोन डुकरं अशी रुंद झाली की कुंडीत दोन्ही तोंडं एकदम मावेनात. फक्त कोंड्यावरची दोन तशीच राहिली, मोठ्या कानांची लांबट पोरं.

साहेबांचं पत्र आलं, एकोणतीस ऑक्टोबर. पण वजन करायचं कुठं? एवढं जनावर तोलणारा काटा गावात एकच होता, जिनिंगचा, कपाशीचे बोरे तोलायचा. दत्तात्रय मुनिमाकडे गेला. मुनीम भैय्याजी पान तोंडात ठेवूनच ओरडले, "काट्यावर डुक्कर? दिवाळी तोंडावर आली, लक्ष्मी आहे थे आमची!"

विजयमाला नवऱ्यामागे उभी होती. ती म्हणाली, "भैय्याजी, काट्याची पूजा केव्हा असते?"

"लक्ष्मीपूजनाले."

"म्हणजे अजून झाली नाही. पूजेच्या आधी धुताच ना तुम्ही थो काटा? यंदा जरा जास्त घासून धुवा. मी स्वतः येतो धुवायले."

भैय्याजींनी पान गिळलं. "दत्तूभाऊ, हे बाई वकील व्हायची, तुम्ही ढेप ढवळायले लावली!" आणि मान हलवून हो म्हणाले.

त्या दिवशी जिनिंगच्या आवारात बैलगाड्यांनी जागा सोडली होती आणि गाड्यांवर माणसं चढली होती. साहेब खुर्चीवर, मांडीवर वही. कोंड्यावरची दोन आधी चढवली. एक अठ्ठावीस शेर, एक तीस. साहेबांनी ओठ आवळले. मग हिराकसाचं पहिलं आलं. त्याला काट्यावर चढवायला चार गडी लागले, त्यातला एक खाली पडला आणि गाड्यांवरून हास्याचा लोट उठला. भैय्याजी वजनं टाकत गेले. एक मण. सव्वा मण. काटा हलेना. "टाका टाका!" कोणीतरी ओरडलं. दीड मणाला काटा हलला आणि सगळं आवार एकदम गरजलं, जसा काही कोणाचा कुस्तीतला गडी जिंकला. दुसरं त्याहून दोन शेर जास्त भरलं. लंगडी सव्वा मण.

साहेब उठून उभे राहिले. वही खुर्चीवर पडली. "ढेपेवर?" त्यांनी तिसऱ्यांदा विचारलं. "सरकीच्याच ढेपेवर?"

दत्तात्रयनं बायकोला पुढे केलं. विजयमालानं पिशवीतून फडकी काढली, त्यांच्यापुढे धरली आणि सांगितलं. आधी अडखळत, मग भरभर. साहेब तिसरं फडकं उन्हात धरून उलटसुलट करत राहिले. मग सावकाश म्हणाले, "वजन दिसलं. पण आत काय आहे? पहिली डुकरंही महिनाभर फुगलीच होती. काळीज बघितल्याशिवाय मी सही नाही करू शकत, बाई. एक उघडावं लागेल."

विजयमालानं अंबाबाईकडे पाहिलं. त्या खोकल्याच्या सकाळपासून तिनं मोठ्याच्या कुशीवर रोज हात ठेवला होता.

अंबाबाई पुढे आली. "त्यात काय साहेब? डुक्कर काय मी हार घालायले पोसतो? कापायलेच पोसतो." मग विजयमालाच्या जवळ येऊन हळूच म्हणाली, "मोठा घेऊ दे. एकाचं काळीज पाहू दे, चार माझे होतील. तू तोंड फिरव."

विजयमालानं तोंड फिरवलं नाही. आवारामागे लिंबाखाली ते काम झालं, आणि साहेबांनी हात आत घालून काळीज बाहेर काढलं तेव्हा ती सगळ्यांत पुढे होती. काळीज घट्ट होतं. मुठीसारखं, लाल, ओलं. साहेबांनी ते बोटानं दाबलं, ते दबून पुन्हा वर आलं. छातीत पाण्याचा थेंब नव्हता.

"निरोगी," साहेब म्हणाले. आणि मग जरा मोठ्यानं, गाड्यांवरच्या लोकांना ऐकू जाईल असं, "एकदम निरोगी!"

विजयमालाच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ती हसत होती. दत्तात्रय लोकांपुढे बायकोचा हात धरायचा माणूस नव्हता, पण त्यानं धरला.

साहेबांनी तिथंच, भैय्याजींच्या गादीवर बसून कागद केला. चार डुकरं अंबाबाईच्या नावावर. जुन्या राज्याचा शिक्का उठवताना ते हसले, "आणखी तीन दिवसांनी हा शिक्का इथं चालला नसता." मग फडकी मागितली. पण एक अडचण निघाली. अहवाल एक नागपूरला राहणार, एक भोपाळला जाणार, आणि फडकी तर एकेकच. भैय्याजींनी जिनिंगची कात्री पुढे केली. साहेबांनी पिवळं फडकं मधोमध कापलं, फिकट कापलं, राखाडी कापलं. अर्धी तीन एका कागदाला टाचली, अर्धी तीन दुसऱ्याला.

"आणि माप?" त्यांनी लेखणी उचलली. "पसाभर ढेपेला हिराकस किती?"

"चार चिमटी," विजयमाला म्हणाली.

"कोणाच्या चिमटी?"

दत्तात्रयनं खिशातून घडी घातलेला चिटोरा काढला. त्यावर बायकोची चिमूट गुंजांत लिहिलेली होती. साहेबांनी ती उतरवून घेतली.

संध्याकाळी घरी आली तर देवकाबाई ओट्यावर बसलेली. तिला सगळं आधीच कळलं होतं, कोण कुठं पडलं इथपर्यंत. विजयमाला बाहेरच पाय धुऊ लागली. सासूनं तांब्यानं पाणी घातलं. मग म्हणाली, "अंबाबाई येऊन गेली. मोठ्याच्या मटणाचा वाटा ठेवतो म्हणत होती तुझ्यासाठी. मी म्हटलं, आमच्यात चालत नाही बाप्पा." तिनं दुसरा तांब्या घातला. "मग थे म्हणे, बाईले एवढं विचारा, थे कढई आता फुटली. बाबांची दुसरी आहे काय?"

"आहे," विजयमाला म्हणाली. "लोधीखेड्याला आहे एक."

"मग उद्या सकाळच्या गाडीनं जाऊन ये," देवकाबाई म्हणाली. "आणि हिराकसही जास्त आण. नाल्यापलीकडून आणखी दोघीजणी आल्या होत्या, तुझ्या चिमटी विचारायले."